अंगणातला अनोळखी भुंगेरा : ओळख पटवण्याच्या विद्येचा इतिहास

१. एका वसतिगृहापासून सुरुवात

जुलै २०२२ मध्ये सिक्कीममधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सुमारे शंभर विद्यार्थ्यांच्या त्वचेवर लाल चट्टे आणि जळजळणारे फोड उठले. बातम्यांमध्ये कारण छापून आले : 'नैरोबी माशी'. ही माशी मूळची पूर्व आफ्रिकेतली असल्याचेही काही ठिकाणी सांगितले गेले.

या नावातला प्रत्येक शब्द वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. हा प्राणी माशी नाही, भुंगेरा आहे. तो पीडरस या प्रजातीतला असून या प्रजातीतले भुंगेरे भारतात फार पूर्वीपासून राहतात. भाताच्या खाचरांत, ओलसर गवतात त्यांचे घर असते आणि तिथे ते तुडतुड्यांसारखे छोटे कीटक खातात, म्हणजे शेतकऱ्याच्या उपयोगीच पडतात. पावसाळ्यात रात्री ते दिव्याकडे येतात. हा भुंगेरा चावत नाही आणि डंखही मारत नाही. तो अंगावर चिरडला गेला तर त्याच्या शरीरातले पेडेरिन नावाचे रसायन त्वचेला लागते आणि फोड येतात. म्हणून तो अंगावर बसलेला दिसला तर त्याला थापट मारायची नाही. फुंकर घालून उडवायचा किंवा कागदावर घेऊन बाजूला टाकायचा, आणि ती जागा साबणाने धुवायची.

आता विचार करा. माशी समजलात तर हात आपोआप थापट मारायला उठेल, आणि नेमके तेच करायचे नसते. भुंगेरा आहे, आणि कोणता आहे, हे ठाऊक असेल तर हात थांबेल. ओळख पटणे म्हणजे केवळ नाव सांगता येणे नव्हे. पुढे काय करायचे ते त्या ओळखीवर ठरते.

अंगणात, गच्चीवर, वसतिगृहाच्या व्हरांड्यात सापडलेला अनोळखी भुंगेरा ओळखायचा कसा, ही विद्या माणसाने कशी घडवली, तिच्यात भारताचा वाटा काय होता आणि ती चुकते कुठे, हे या टिपणात आपण पाहणार आहोत. जीवशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्यालाही ते समजावे अशी अपेक्षा आहे.

२. भुंगेरा म्हणजे नेमके काय?

ॲरिस्टॉटलने ज्या कीटकांचे पंख म्यानासारख्या आवरणाखाली असतात त्यांना एक वेगळे नाव दिले होते. त्या ग्रीक शब्दावरूनच आजचे 'कोलिऑप्टेरा' हे गणाचे नाव आले. कीटकाच्या पंखांच्या दोन जोड्यांपैकी पुढची जोडी कठीण होऊन तिची ढाल बनते. मागची पातळ जोडी तिच्याखाली घडी घालून ठेवलेली असते आणि उडताना ती उपयोगी पडते. मिटलेल्या अवस्थेत दोन्ही ढाली पाठीच्या मधोमध एका सरळ रेषेत जुळतात. ही सरळ रेषा अंगणातली पहिली खूण. ढेकणाच्या कुळातल्या कीटकांच्या पाठीवर अशी रेषा नसते, तिथे पंख एकमेकांवर तिरपे येऊन फुलीसारखी आकृती दिसते. त्यांचे तोंडही टोचून रस ओढणाऱ्या सोंडेचे असते. भुंगेऱ्याला मात्र चावून खाणारे जबडे असतात.

पण नियमाला अपवाद असतोच. वर सांगितलेल्या पीडरसच्या ढाली इतक्या आखूड असतात की मागचे बहुतेक पोट उघडेच राहते. म्हणूनच तो मुंगीसारखा किंवा माशीसारखा भासतो.

भुंगेऱ्यांच्या नाव मिळालेल्या जातींची संख्या चार लाखांच्या आसपास आहे. सजीवांच्या दुसऱ्या कोणत्याही गणात इतक्या जाती ठाऊक नाहीत. १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन थट्टेने म्हणत की सृष्टीच्या निर्मात्याला ताऱ्यांची आणि भुंगेऱ्यांची विशेष आवड असावी. थट्टेचा भाग सोडला तरी अडचण खरी आहे : चार लाख नावांतून समोरच्या किड्याचे एक नाव निवडायचे कसे?

लोकभाषांनी या प्रश्नाला आपापले उत्तर दिले होते. मराठीत काजवा, शेणकिडा, ढालकिडा, हुमणी अशी नावे आहेत. हिंदीत धान्य पोखरणाऱ्याला घुन आणि साठवणीत शिरणाऱ्या एकाला खपरा म्हणतात. ही नावे नीट पाहा. जो उजेड देतो, जो शेण वळतो, जो पीक किंवा धान्य खातो, त्याला नाव मिळाले. माणसाशी ज्याचा संबंध आला नाही तो नुसता 'किडा' राहिला. हा लोकांचा अज्ञानीपणा नव्हे. गरजेनुसार केलेली ती वर्गवारी होती आणि आपल्या कामापुरती अचूकही होती. अडचण येते ती दोन ठिकाणी : एका नावाखाली अनेक जाती जातात, आणि एका गावातले नाव दुसऱ्या गावात चालत नाही.

३. कोणत्या अवयवाकडे पाहायचे?

युरोपात अठराव्या शतकात या प्रश्नावर काम झाले. त्याचा क्रम समजून घेण्यासारखा आहे, कारण तुमच्या हातातला भुंगेरा पाहताना तुम्हीही याच क्रमाने जाल.

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ मध्ये 'सिस्टिमा नॅच्युरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती प्रसिद्ध केली. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव द्यायचे, पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा, ही पद्धत त्याने तिच्यात सर्व प्राण्यांना लावली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना आजही याच आवृत्तीपासून होते. भुंगेऱ्यांचे गट पाडताना त्याने मुख्यतः शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा पाहिल्या : टोकाला गाठ असलेल्या, धाग्यासारख्या, केसासारख्या निमुळत्या.

१७६२ मध्ये पॅरिसच्या एत्येन लुई जॉफ्रॉयने पायांकडे लक्ष वेधले. पायाच्या शेवटी छोटे छोटे सांधे असतात, ते मोजायचे. कुणाच्या सगळ्या पायांना पाच, कुणाच्या मागच्या पायांना चार आणि बाकीच्यांना पाच, कुणाला सगळीकडे चार, तर कुणाला तीन. मोजणी आली म्हणजे वाद मिटला, असे वाटण्याजोगी ही पद्धत होती.

पण मोजणीतही फसगत होतीच. ढालकिड्याच्या पायाला वरवर पाहिले तर तीन सांधे दिसतात, प्रत्यक्षात चार असतात. एक इतका लहान आणि लपलेला असतो की चांगल्या भिंगाशिवाय दिसत नाही. सोंडकिडे आणि लांब मिशांचे खोडकिडे यांना चार भासतात, असतात पाच. मोजमापाचे साधन सुधारले की आकडा बदलतो, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला नवी वाटू नये.

लिनियसचा डॅनिश शिष्य योहान ख्रिस्तियान फॅब्रिशियस याने १७७५ मध्ये तिसरा मार्ग घेतला. प्राणी काय खातो ते त्याच्या तोंडावरून कळते, म्हणून वर्गीकरण मुखांगांवरून करावे, असे त्याचे म्हणणे होते. कल्पना सखोल होती, पण चार मिलिमीटरच्या किड्याचे जबडे तपासणे हे सोपे काम नव्हे. तरीही त्याने आयुष्यात सुमारे दहा हजार कीटकांची वर्णने लिहिली. पीडरस हे प्रजातीचे नावही त्यानेच १७७५ मध्ये दिलेले आहे.

फ्रान्सच्या प्येर आंद्रे लात्रेयने पुढची पायरी गाठली. एकाच अवयवावर सगळी इमारत उभी करण्याऐवजी त्याने अनेक लक्षणे एकत्र घेतली आणि १७९६ मध्ये प्रजातींची कुळे बांधून दाखवली. 'कूळ' ही पायरी आजही आपल्या सर्वांत उपयोगाची आहे.

हे काम लात्रेयच्या हातून होऊ शकले, यामागे एक भुंगेरा आहे. लात्रेय धर्मगुरू होता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सरकारशी निष्ठेची शपथ न घेतल्यामुळे त्याला तुरुंगात टाकले गेले आणि बोर्दो शहरात ठेवले. तुरुंगाच्या तपासणीला आलेल्या वैद्याला तो जमिनीवरचा एक लहान किडा निरखताना दिसला. विचारल्यावर लात्रेयने हा दुर्मिळ भुंगेरा असल्याचे सांगितले. वैद्याने तो किडा बोरी द सँ-व्हँसाँ या निसर्गाभ्यासाची आवड असलेल्या किशोरवयीन मुलाकडे पोहोचवला. मुलाला लात्रेयचे लेखन माहीत होते. त्याने आणि इतरांनी खटपट करून लात्रेयची सुटका करवली. त्याच्याबरोबरचे बहुतेक कैदी महिन्याभरात मरण पावले. त्या भुंगेऱ्याचे नाव नेक्रोबिया रुफिकॉलिस. पॅरिसमधल्या लात्रेयच्या स्मारकावर त्याचा 'तारणहार' म्हणून या भुंगेऱ्याचे नाव कोरलेले आहे. त्याचाच भाऊबंद नेक्रोबिया रुफिपीस आपल्याकडे सुक्या खोबऱ्यात सापडतो. केरळमधल्या विद्यार्थ्यांना तो सहज बघायला मिळेल.

याच काळात आणखी एक साधन तयार झाले. १७७८ मध्ये लामार्कने फ्रान्सच्या वनस्पतींवरील ग्रंथात ओळखण्यासाठी जोडप्रश्नांची साखळी वापरली. पान साधे की संयुक्त? साधे असेल तर पुढचा प्रश्न हा, संयुक्त असेल तर तो. दर पायरीला दोनच वाटा. याला आपण 'ओळख-किल्ली' म्हणू. संगणकशास्त्राच्या वर्गात मी निर्णयवृक्ष शिकवतो तेव्हा फळ्यावर हीच आकृती काढतो. किल्लीचा गुण असा की तज्ज्ञ नसलेला माणूसही तज्ज्ञाच्या वाटेने चालू शकतो. तिचा दोषही तिथेच आहे : एका पायरीला चूक झाली तर पुढची प्रत्येक पायरी बिनचूक चढूनही आपण भलत्याच ठिकाणी पोहोचतो. शिवाय किल्लीत नसलेली जात समोर आली तर किल्ली 'माहीत नाही' म्हणत नाही, जवळचे नाव देऊन मोकळी होते.

४. त्रांकेबार ते कील

आता हा इतिहास भारताच्या किनाऱ्याला लागतो. आज तमिळनाडूत असलेले तरंगमबाडी म्हणजे त्या काळचे त्रांकेबार १६२० पासून डॅनिश लोकांच्या ताब्यात होते. आपण ज्या काळाबद्दल बोलतो आहोत त्या काळात शेजारी तंजावरला मराठ्यांचे राज्य होते. १७६८ मध्ये लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड कोनिग वैद्य म्हणून त्रांकेबारला आला. त्याने कोरोमंडल किनाऱ्यावर वनस्पती आणि कीटक जमवले. पुढे तो अर्काटच्या नवाबाकडे आणि मग ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला आणि १७८५ मध्ये वारला. त्याने आणि त्रांकेबारच्या इतर संग्राहकांनी पाठवलेले कीटक युरोपात फॅब्रिशियसच्या टेबलावर पोहोचले.

फॅब्रिशियसने नाव दिलेला एक भुंगेरा तुम्ही पाहिला असण्याची शक्यता आहे. दख्खनच्या आणि दक्षिणेच्या कोरड्या माळावर जमिनीवरून वेगाने पळणारा, काळाकुळकुळीत, अंगावर सहा पांढरे ठिपके असलेला मोठा भुंगेरा : अँथिया सेक्सगुट्टाटा. 'सेक्सगुट्टाटा' म्हणजे सहा थेंबांचा. दोन ठिपके खांद्याच्या भागावर आणि चार ढालींवर. त्याला डिवचू नका, मागच्या बाजूने तो आम्लाची पिचकारी मारतो. १७७५ चे हे नाव आजही जसेच्या तसे मोजता येते, हे त्या पद्धतीचे यश आहे.

पण दुसरी बाजूही आहे. भारतीय कीटकांचे वर्णन करताना फॅब्रिशियस ठिकाण म्हणून अनेकदा एवढेच लिहितो : पूर्व भारत. तंजावर की बंगाल, समुद्रकाठ की डोंगर, जून की डिसेंबर, काहीच नाही. किडा शोधून देणाऱ्या स्थानिक माणसाचा उल्लेख तर नसतोच. त्या माणसाला तो किडा कधी निघतो, कशावर बसतो हे माहीत असणारच. ती माहिती जहाजावर चढली नाही. आज एखाद्या जातीचे मूळ ठिकाण ठरवायला बसलेल्या संशोधकाला ही उणीव जाणवते.

आणि नमुने गेले कुठे? फॅब्रिशियस जर्मनीतल्या कील विद्यापीठात प्राध्यापक होता. त्याचा संग्रह पुढे दीर्घकाळ कोपनहेगनच्या संग्रहालयात राहिला. त्याने पाहिलेले काही नमुने लंडनला आहेत. हे महत्त्वाचे का, ते समजण्यासाठी 'टाइप नमुना' ही कल्पना पाहू. जातीचे वर्णन करताना ज्या नमुन्यावरून नाव दिले तो त्या नावाचा आधार मानला जातो. वर्णनात शंका आली तर त्या नमुन्याकडे परत जायचे. एकेकाळी मीटरची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या सळईवर टेकलेली होती, तसेच हे. सळईवरून मीटर १९६० मध्ये सुटला; भुंगेऱ्याचे नाव मात्र अजूनही एका टाचणी टोचलेल्या, दोनअडीचशे वर्षांच्या कोरड्या किड्यावर टेकलेले असू शकते. तो किडा परदेशात असेल तर आपल्या अंगणातल्या किड्याच्या नावाचा शेवटचा पुरावाही परदेशात असतो. दीर्घकाळ भारतीय संशोधकाला त्यासाठी प्रवासखर्च, परवानगी आणि ओळखपत्रे गोळा करावी लागली.

५. कलकत्ता, पुसा, डेहराडून, आग्रा

एकोणिसाव्या शतकात कंपनीचे आणि नंतर सरकारचे लष्करी अधिकारी, डॉक्टर, वनाधिकारी यांनी भारतभर कीटक गोळा केले. १८८८ पासून 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ही ग्रंथमाला सुरू झाली. भुंगेऱ्यांवरचे तिचे खंड आजही वापरात आहेत : लांब मिशांच्या खोडकिड्यांवर गहान यांचा १९०६ चा, गेंडा भुंग्याच्या कुळावर ॲरो यांचा १९१० चा, सोंडकिड्यांवर मार्शल यांचा १९१६ चा. समरेंद्र मौलिक या भारतीय अभ्यासकाने लंडनच्या संग्रहालयात बसून पान खाणाऱ्या भुंगेऱ्यांवरचे खंड लिहिले. त्यातला पहिला १९१९ चा. पीडरस ज्या कुळात येतो त्या आखूड ढालींच्या कुळावर नौदलात डॉक्टर राहिलेल्या माल्कम कॅमेरॉन यांचे खंड १९३० ते १९३९ या काळात आले. या सर्व खंडांत ओळख-किल्ल्या आहेत.

देशात संस्थाही उभ्या राहत होत्या. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये शेती संशोधन संस्था निघाली. तिथले कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०९ मध्ये 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. डेहराडूनला १९०६ मध्ये वनसंशोधन संस्था आली. कलकत्त्याला १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली. यामागे कुतूहल होते, तसा हिशोबही होता. साल वृक्षाचे लाकूड रेल्वेच्या स्लीपरसाठी लागत होते आणि हॉप्लोसेराम्बिक्स स्पिनिकॉर्निस हा खोडकिडा साल पोखरत होता. किड्याची ओळख पटली, त्याचे जीवनचक्र कळले, तेव्हा उपायही सापडला : पावसाळ्याच्या सुरुवातीला सालाचे काही ओंडके तोडून, त्यांची साल ठेचून ठेवायचे. रसाच्या वासाने भुंगेरे तिथे जमतात, मग ते वेचायचे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशात या किड्याचा मोठा उद्रेक झाला तेव्हाही हीच युक्ती वापरात होती.

स्वातंत्र्यानंतर हे काम भारतीय महाविद्यालयांत रुजले. आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजात एम. एस. मणी यांनी कीटकशास्त्राची शाळाच उभी केली आणि विद्यार्थ्यांना घेऊन हिमालयाच्या उंच भागात कीटक शोधले. एका महाविद्यालयातून असे काम उभे राहू शकते, हे तुम्ही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

६. ओळख चुकल्याची किंमत : तीन उदाहरणे

*खपरा.* ट्रोगोडर्मा ग्रॅनेरियम हा साठवणीच्या धान्यातला दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा. त्याचे जगभर चालणारे इंग्रजी नावही हिंदी 'खपरा' वरूनच आले. याची केसाळ अळी फटींमध्ये शिरून अन्नाशिवाय फार काळ तग धरते. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचा मोठा प्रादुर्भाव सापडला. गोदामेच्या गोदामे ताडपत्रीत गुंडाळून विषारी वायूची धुरी द्यावी लागली. ही मोहीम १९६६ पर्यंत चालली आणि सुमारे १.१ कोटी डॉलर खर्च झाले. याच प्रजातीत बिनधोक किंवा कमी धोक्याच्या जातीही आहेत आणि त्या उघड्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. फरक करायला सूक्ष्मदर्शकाखाली अळीची मुखांगे सोडवून पाहावी लागतात. बंदरावर धान्याचे जहाज थांबवायचे की सोडायचे, हे त्या तपासणीवर ठरते.

*मेक्सिकन भुंगेरा.* गाजरगवत तुम्हाला माहीत असेलच. हे तण भारतात पसरत असल्याचे १९५० च्या दशकात पुण्यात लक्षात आले. त्यावर उपाय म्हणून झायगोग्रामा बायकलराटा हा गाजरगवत खाणारा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये सोडला. फिकट पिवळसर ढालींवर गडद तपकिरी रेघा, लांबी सहा-एक मिलिमीटर. पुढे काही वर्षांनी कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि खळबळ उडाली. शेतकऱ्याची भीती रास्त होती : सरकारने सोडलेला किडा आता पीक खाणार का? सूर्यफूल आणि गाजरगवत एकाच कुळातले. चौकशी समिती नेमली गेली. पुढच्या अभ्यासात दिसले की जवळच्या गाजरगवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडले की भुंगेरे ती पाने कुरतडतात. सूर्यफुलाचा कायमचा शत्रू तो झाला नाही. इथे किड्याचे नाव बरोबर होते, तरी एवढ्याने भागले नाही. तो कोणत्या परिस्थितीत काय खातो हेही पाहावे लागले.

*हुमणी आणि शेणकिडा.* पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बोरीवर, बाभळीवर तपकिरी भुंगेऱ्यांचे थवे उतरतात. महाराष्ट्र-कर्नाटकात यात मुख्यतः होलोट्रिकिया सेराटा, तर राजस्थान-गुजरातेत होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया असतो. यांच्या अळ्या म्हणजेच हुमणी. ऊस, भुईमूग, बाजरीची मुळे त्या खातात. फांद्या हलवून भुंगेरे पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे, हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय आहे आणि तो परिणामकारकही आहे. पण त्याच रात्री त्याच दिव्याखाली शेणकिडेही येतात. ते त्याच मोठ्या गटातले, त्यांच्याही मिशांच्या टोकाला पानांची घडी असते. ते शेण जमिनीत गाडतात, माती भुसभुशीत करतात. डोक्याचा पुढचा भाग फावड्यासारखा पसरट आणि पुढचे पाय दातेरी, खणण्याजोगे असतील तर तो बहुधा शेणकिडा. त्याला सोडून द्या.

७. आजचे अंगण

आता साधने बदलली आहेत. २००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी एका ठरावीक जनुकाच्या साधारण ६५० अक्षरांवरून जात ओळखण्याची कल्पना मांडली. ग्रंथमालेचे जुने खंड स्कॅन होऊन विनामूल्य वाचायला मिळतात. मोबाइलवर फोटो टाकला की ॲप नाव सांगते.

ॲपचा उपयोग जरूर करा, पण ते काय करते ते ओळखून करा. त्याने पाहिलेल्या छायाचित्रांत समोरचा किडा कशाशी जुळतो, एवढेच ते सांगते. ज्या जातीची छायाचित्रे कमी, तिथे त्याची स्थिती लामार्कच्या किल्लीसारखीच होते : जवळचे नाव देते. होलोट्रिकियाच्या कित्येक जाती नराच्या जननेंद्रियाचा आकार पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. पाठीवरून घेतलेल्या फोटोत ते दिसणार कुठून?

म्हणून ही पद्धत पाळा.

१. आधी लिहा : तारीख, वेळ, ठिकाण, दिव्यावर की झाडावर, कोणत्या झाडावर. फॅब्रिशियसच्या लेबलवर जे नव्हते ते तुमच्या वहीत असू द्या.

२. फोटो तीन बाजूंनी घ्या : वरून, बाजूने आणि समोरून, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवा. उघड्या हाताने उचलू नका. ढाली आखूड आणि अंग नारिंगी-काळे असेल, किंवा काळ्या ढालींवर नारिंगी पट्टे असतील, तर विशेष जपा. या दुसऱ्या गटातही फोड आणणारे रसायन असते.

३. ढालींची सरळ रेषा पाहून भुंगेराच आहे ना, ते ठरवा.

४. मिशा पाहा. टोकाला पंख्यासारखी घडी, शरीराएवढ्या लांब, कोपरासारख्या वाकलेल्या की करवतीसारख्या दातेरी? भिंग असेल तर पायांचे सांधे मोजा, लपलेला सांधा विसरू नका.

५. एवढ्यावरून बहुतेक वेळा कूळ ठरते. तिथे थांबायला हरकत नाही. पुरावा जिथे संपतो तिथे नाव थांबवणे, हेच प्रामाणिक मोजमाप आहे. प्रयोगशाळेत मोजपट्टी मिलिमीटरचीच असेल तर आपण उत्तर मायक्रोमीटरमध्ये देत नाही.

६. नमुना जमवायची गरज बहुधा नसते. अभयारण्यात तर परवानगीशिवाय जमवता येत नाही, आणि काही भुंगेऱ्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षणही आहे.

आणि एक गोष्ट घरच्या माणसांना विचारा. आजीला, माळ्याला, वसतिगृहाच्या स्वयंपाक्याला : याला तुमच्याकडे काय म्हणतात? हा कधी निघतो? ते नाव शास्त्रीय नावाशेजारी लिहून ठेवा. तुमच्या वर्गात बंगाली, तमिळ, मराठी, मणिपुरी बोलणारे विद्यार्थी असतील तर एका भुंगेऱ्याची चार नावे आणि चार गोष्टी जमतील. त्रांकेबारहून निघालेल्या पेट्यांत जे राहून गेले, ते या वेळी नोंदले जाईल.

विचारासाठी प्रश्न

१. लिनियस, जॉफ्रॉय आणि फॅब्रिशियस यांनी निवडलेल्या लक्षणांपैकी अंगणात सर्वांत सोयीचे कोणते आणि सर्वांत विश्वसनीय कोणते? दोन्ही उत्तरे एकच आहेत का?

२. तुमच्या परिसरातल्या पाच भुंगेऱ्यांसाठी चार पायऱ्यांची ओळख-किल्ली तयार करा. सहावा, किल्लीत नसलेला भुंगेरा आला तर ती काय उत्तर देईल?

३. टाइप नमुना कोणत्या देशात असावा? मीटरच्या सळईच्या उदाहरणाशी तुलना करून आपले मत मांडा.

४. 'नैरोबी माशी' ऐवजी सूचनाफलकावर कोणते नाव आणि कोणती सूचना लिहाल? तुमच्या वसतिगृहासाठी तीन ओळींचा मजकूर तयार करा.